मंगळूर नगरीचे कवी आणि ग्रंथकार
(मठाच्या वर्धापनोत्सवात बेळगाव येथे दिलेले व्याख्यान)

 

संस्कृत पाठशाळेतील मनुष्य व्याख्यानास उभा राहिला म्हणजे तो एखादे सूत्र किंवा एखादा उपनिषन्मंत्र घेऊन बसणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज ती पुरी करण्याचा माझा विचार नाही. या उत्सवानिमित्त जो स्मरणग्रंथ निघावयाचा आहे तो द्विभाषिक आहे. अर्धा मराठी, अर्धा कन्नड. आपल्यापैकी बहुतेक जण मराठी पाने वाचतील आणि कन्नड पानांपाशी पोहोचताच ग्रंथ मिटून देव्हाऱ्याशेजारी ठेवतील, हे मला दिसते आहे. त्या दुसऱ्या अर्ध्या भागात जी भाषा आहे, तिच्या अर्वाचीन साहित्याचा पाया घालणाऱ्यांत आपल्याच ज्ञातीचे, आपल्यासारखीच कोकणी घरात बोलणारे कितीतरी पुरुष होते, हे येथे फारसे कोणास ठाऊक नाही. म्हणून आज मंगळूर नगरीच्या ग्रंथकारांविषयी बोलावे असे योजले आहे. त्यांत एक अवघड प्रकरणही आहे. ते टाळून पुढे जाणार नाही.

प्रथम ती नगरी. नेत्रावती आणि गुरुपूर या दोन नद्या जेथे समुद्रास मिळतात तेथे ती वसली आहे. तिला एकच नाव नाही. कन्नड लोक तिला मंगळूरु म्हणतात, तुळू बोलणारे कुड्ल म्हणतात, आपण कोकणी लोक कोडियाल म्हणतो, ब्यारी मुसलमान मैकाल म्हणतात आणि मल्याळी लोक मंगलापुरम् म्हणतात. पाच भाषांची पाच नावे, आणि पाचही आजपर्यंत रोजच्या बोलण्यात आहेत. गोमंतकात पोर्तुगीज अंमलात छळ वाढला तेव्हा देव पाठीशी बांधून निघालेली आपली कुटुंबे या किनाऱ्यावर येऊन स्थिरावली. पुढे कोकणी बोलणारे ख्रिस्ती लोकही त्याच वाटेने येथे आले. रथबीदीतील श्रीवेंकटरमणाच्या देवळात भजनाचा सप्ताह होतो, त्यात तुकोबांचे अभंग गाइले जातात. पण गाणारा घरी कोकणी बोलतो, बाजारात तुळू बोलतो आणि पत्र कन्नडात लिहितो. आपली येथील स्थिती याहून फारशी निराळी नाही. घरात कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड, आणि देवापुढे संस्कृत.

या नगरीत मुद्रणकला आणली ती बासेल मिशनच्या जर्मन व स्विस पाद्र्यांनी. 1834 साली ते येथे उतरले. 1843 साली हेर्मान मोग्लिंग यांनी शिळाछापावर ‘मंगळूरु समाचार’ काढला. कन्नडातील पहिले वृत्तपत्र ते हेच. फर्डिनांड किट्टेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश 1894 साली याच मुद्रणालयातून बाहेर पडला. अँजेलो माफ्फेई या इटालियन जेझुइट पाद्र्याने आपल्या कोकणीचे व्याकरण 1882 साली आणि कोश 1883 साली याच ठिकाणी छापविला. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, हे मी विसरत नाही. परंतु व्याकरणाचा विद्यार्थी म्हणून सांगतो, ज्याने आमच्या बोलीचे धातू आणि प्रत्यय बसून मोजले त्याचे ऋण नाकारणे मला जमत नाही. आपल्यापैकी कोणी तेव्हा ते काम केले नव्हते.

मुद्रणालय आले, शाळा आल्या, आणि मग आपले लोक पुढे सरसावले. अम्मेंबळ सुब्बराव पै यांनी 1891 साली कॅनरा हायस्कूल काढले, तीन वर्षांनी मुलींची शाळा काढली आणि 1906 साली जी ठेवसंस्था स्थापिली तीच पुढे कॅनरा बँक झाली. ते ग्रंथकार नव्हते. पण वाचणारा समाज निर्माण झाल्यावाचून ग्रंथकार कोणासाठी लिहिणार?

आता ते अवघड प्रकरण.

1899 साली बासेल मिशनच्या मुद्रणालयातून एक कादंबरी निघाली. नाव ‘इंदिराबाई’, उपशीर्षक ‘सद्धर्मविजय’. लेखक गुलवाडी वेंकटराव, जन्म 1844, पोलीस खात्यातील अंमलदार आणि सारस्वत ब्राह्मण. कन्नडातील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून आज अभ्यासक तिचे नाव घेतात. बालपणी विधवा झालेली इंदिरा, लाचलुचपतीने श्रीमंत झालेला तिचा बाप, संत म्हणविणाऱ्या ढोंग्यांच्या मंडळीस वाहिलेले ते घर, आणि त्या घरातून पळून एका सज्जनाच्या आश्रयास गेलेली, तेथे विद्या शिकलेली आणि विलायतेहून परतलेल्या तरुणाशी विवाह करणारी ती मुलगी, असे तिचे कथानक आहे. 1903 साली जिल्ह्याचे कलेक्टर काउचमन यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले. सहा वर्षांनंतर, म्हणजे 1905 साली, बोळार बाबूराव यांची ‘वाग्देवी’ निघाली. तिच्यात तर एका मठाचाच कारभार उघडा केला आहे. एका स्त्रीच्या मोहात सापडलेला स्वामी, त्या मोहापायी उधळलेले देवद्रव्य, आणि सर्व पाहून गप्प बसणारे कारभारी.

बेळगावच्या श्रोत्यांना हा विषय परका वाटू नये. विधवांच्या दुःखावर मराठीत लिहिलेले ‘यमुनापर्यटन’ 1857 सालचे. त्याचे कर्ते बाबा पदमनजी याच बेळगावात जन्मले. त्यांनी धर्मांतर केले म्हणून त्यांचे पुस्तक आपण बाजूस ठेवले. गुलवाडी वेंकटरावांनी धर्म सोडला नव्हता. आपल्या कादंबरीस त्यांनी ‘सद्धर्मविजय’ म्हटले. बाजूस ठेवावयास येथे ते कारण नाही.

मग या पुस्तकांचे करावे काय? मठाच्या उत्सवात, श्रीगुरूंच्या समक्ष, ज्या पुस्तकांत मठाधिपतींचे आणि संतांचे दोष वर्णिले आहेत त्यांचे नाव घ्यावे काय? काही वृद्ध स्नेह्यांनी मला सांगितले की ही गुरुनिंदा होय, आणि ती ऐकणारासही दोष लागतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु शास्त्राचा दाखला द्यावयाचा तर तो पुरा द्यावा. आमच्या पाठशाळेत क्षेमेंद्राचे नाव आदराने घेतले जाते. त्या काश्मिरी पंडिताने अकराव्या शतकात ‘देशोपदेश’ आणि ‘नर्ममाला’ लिहिल्या. त्यांत दांभिक गुरूंची जी शोभा केली आहे, तिच्यापुढे बोळार बाबूराव सौम्य वाटावेत. सातव्या शतकातील ‘मत्तविलास’ प्रहसन पल्लव राजा महेंद्रवर्म्याने लिहिले, आणि त्यात कापालिकापासून भिक्षूपर्यंत कोणालाही सोडले नाही. समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षण सांगताना खोट्या गुरूंची केवढी मोठी यादी दिली आहे, हे पारायण करणारांस सांगावयास नको. या कोणालाही आपण गुरुनिंदक म्हणत नाही. ज्याच्या मनात खऱ्या गुरूचे चित्र असते त्यालाच खोट्याचा राग येतो. ज्याला गुरूच नको असतो तो असल्या भानगडीत पडत नाही. तो दुसऱ्या वाटेने निघून जातो.

आणि तेव्हा तसे निघून जाणारे होतेच. 1870 साली उल्लाळ रघुनाथय्यांनी मंगळुरात ब्राह्म उपासना सुरू केली. कुद्मुल रंगराव हे जन्माने सारस्वत. त्यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या, 1897 साली त्यांच्या उद्धारार्थ मिशन स्थापिले आणि 1928 साली देह ठेवीपर्यंत तेच काम केले. त्याबद्दल ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. विलायतेस जाऊन आलेल्यांना आणि विधवाविवाहाच्या पंक्तीस बसलेल्यांना सारस्वत मठांनी त्या काळी बहिष्कार घातले, हा इतिहास आहे. पुढे ते बंधन सैल झाले. आज परदेशी राहणाऱ्या शिष्यांच्या देणग्यांवर आपले कितीतरी उत्सव होतात. तेव्हा ‘इंदिराबाई’मध्ये जे मागितले होते ते मठांनी पुढे स्वतःच दिले, मागणारास मात्र शाबासकी मिळाली नाही, एवढेच.

या प्रकरणी मी थोडा जास्त रेंगाळलो. आता ज्या दोन पुरुषांची नावे ऐकताच कन्नड मनुष्य हात जोडतो त्यांच्याकडे वळू.

पंजे मंगेशराव यांचा जन्म 1874 साली मंगळुराजवळील बंटवाळ गावी झाला. मातृभाषा कोकणी. प्रथम कन्नडचे पंडित, मग शाळाखात्यात तपासनीस, पुढे कोडगूत मडिकेरीस मुख्याध्यापक. शाळाखात्याच्या नोकरीत त्यांना एक गोष्ट दिसली. मुलांना शिकविण्याजोगी कविता नव्हती. जुने काव्य उत्तम होते, पण ते पंडितांसाठी होते. मुलाच्या जिभेवर नाचेल असे काही नव्हते. ते त्यांनी स्वतः लिहावयास घेतले, आणि टोपणनाव घेतले ‘कविशिष्य’. या नावातील विनय पाहा. स्वतःस कवी म्हणवून घेतले नाही. कवींचा शिष्य म्हटले.

हात जोडून नागाला बाहेर बोलावणाऱ्या मुलावर त्यांनी एक कविता लिहिली आहे. कर्नाटकात जो कोणी प्राथमिक शाळेत बसला त्याला ती पाठ असते. समोरच्या रांगेत बसलेल्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कन्नड शाळेतून आलेले आता हसत आहेत, त्यावरून मोठ्यांनी ओळखावे. कोडगूत असताना त्यांनी तेथील हुत्तरी या सुगीच्या सणाचे गीत लिहिले. बाहेरून आलेल्या, कोकणी बोलणाऱ्या शिक्षकाने लिहिलेले ते गीत कोडगूच्या लोकांनी आपल्या भूमीचे गीत म्हणून उराशी धरले. 1921 साली त्यांनी मंगळुरात बालसाहित्य मंडळ स्थापिले. कन्नड लघुकथेच्या आरंभीच्या लेखकांतही त्यांची गणना होते. 1934 साली रायचूर येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 1937 साली ते गेले.

मला त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र वेगळेच वाटते. तुळुनाडूत कोटी आणि चेन्नय या दोघा बिल्लव वीरबंधूंची गाथा पाड्दनांतून, म्हणजे मौखिक गीतांतून, चालत आली आहे. त्यांची स्थाने गरडी म्हणून पूजिली जातात. ती कथा मंगेशरावांनी कन्नड गद्यात लिहून काढली. ज्यांच्या पंक्तीस आपले लोक बसत नव्हते अशा समाजाच्या वीरांची कथा एका सारस्वत ब्राह्मणाने आदराने ऐकली आणि लिहून ठेवली. व्यासांचे कामही शेवटी ऐकण्याचे आणि ग्रथित करण्याचेच होते.

दुसरे पुरुष गोविंद पै. मंगळुरातील सावकार तिम्मप्प पै यांचे हे ज्येष्ठ पुत्र 23 मार्च 1883 रोजी आजोळी, मंजेश्वर येथे जन्मले. पुढे तेच गाव त्यांचे झाले, म्हणून मंजेश्वर गोविंद पै. मद्रासेस पदवीचे शिक्षण घेत असता वडील वारले आणि शिक्षण अर्धवट राहिले. पदवी नसलेल्या या माणसाने घरी बसून किती भाषा शिकाव्यात? संस्कृत, पाली, प्राकृत, मराठी, बंगाली, तमिळ, ग्रीक. यादी लांब आहे. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या एका ग्रीक प्रहसनात न कळणारे काही संवाद आहेत. त्यांत कन्नड शब्द आहेत काय, या वादात त्यांनी मंजेश्वरात बसून भाग घेतला. जपानी नो नाटके त्यांनी कन्नडात आणली.

कवी म्हणून त्यांनी जे केले ते समजण्यास थोडे छंदःशास्त्र लागेल. जुन्या कन्नड कवितेत प्रत्येक चरणाच्या दुसऱ्या अक्षरातील व्यंजन सारखे असले पाहिजे असा नियम होता. त्यास द्वितीयाक्षरप्रास म्हणतात. तो न पाळणारास कवी म्हणत नसत. 1911 च्या सुमारास गोविंद पैंनी तो सोडला. केवढा गदारोळ झाला असेल! पण वाल्मीकी आणि कालिदास यांना प्रासाची गरज पडली नव्हती, हे आम्हा संस्कृतवाल्यांस ठाऊकच आहे. हे स्वातंत्र्य घेऊन लिहिलेल्या त्यांच्या आरंभीच्या रचनांत ‘होलेयनु यारु’, म्हणजे अस्पृश्य कोण, ही कविता आहे. कुद्मुल रंगराव तेव्हा त्याच नगरीत काम करीत होते, हे येथे लक्षात घ्यावे. कवितेतील जुने बंधन आणि समाजातील जुने बंधन त्यांनी एकाच कवितेत सोडले.

त्यांच्या ‘गोलगोथा’ या खंडकाव्यात येशू ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसाचे वर्णन आहे, ‘वैशाखी’त बुद्धाच्या. वैष्णव घरात जन्मलेल्या सारस्वताने हे विषय का घ्यावेत, असे कोणी विचारील. ज्या गावात देवळाची घंटा आणि चर्चची घंटा एकाच वेळी ऐकू येते, तेथे शेजाऱ्याच्या देवाचा मृत्यू हा परका विषय राहत नाही, असे मला वाटते. त्यांची निष्ठा त्याने डळमळली नाही. त्यांच्या ‘गिळिविंडु’ या संग्रहात भक्तीची कविता पुष्कळ आहे. 1949 साली मद्रास सरकारने त्यांना राष्ट्रकवी ही पदवी दिली; कन्नडातील पहिले राष्ट्रकवी ते.

आणि मग 1 नोव्हेंबर 1956 आले. राज्यांची पुनर्रचना झाली. मंगळूर म्हैसूर राज्यात गेले, मंजेश्वरसह कासरगोड तालुका केरळात. कन्नडचा राष्ट्रकवी एका रात्रीत मल्याळी राज्याचा रहिवासी झाला. त्यांना याचे फार दुःख झाले. त्याच दिवशी आपल्या या गावाचे काय झाले ते मी सांगत बसत नाही. या सभेतील कितीतरी घरांनी ते सोसले आहे. आपण ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडतो त्याच भाषेचा हा थोर कवी, आणि गाऱ्हाणे मात्र हुबेहूब आपलेच! सीमेच्या त्या टोकाचा कन्नड मनुष्य आणि या टोकाचा मराठी मनुष्य एकत्र बसले तर एकमेकांना किती कमी समजावून सांगावे लागेल, असे अनेकदा मनात येते. 6 सप्टेंबर 1963 रोजी गोविंद पै निवर्तले, तोपर्यंत ते मंजेश्वरकरच राहिले. त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे.

इतरांविषयी वेळेअभावी थोडक्यात. कडेंगोड्लु शंकर भट्ट हे मंगळुरातील कॉलेजात शिकवीत आणि ‘राष्ट्रबंधु’ पत्र चालवीत. त्यांच्या खंडकाव्यांत तुळुनाडूचा निसर्ग फार सुंदर आला आहे. ख्रिस्ती बांधवांत लुईस मास्करेञ यांनी 1912 साली ‘कोंकणी दिर्वें’ हे नियतकालिक काढले आणि अब्राहामाच्या यज्ञावर कोकणीत महाकाव्य रचले, तेही कन्नड लिपीत. चा. फ्रा. दे कोस्ता यांच्या ‘सोंश्याचे कान’ या कोकणी संग्रहास 1989 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुसलमान स्त्रियांचे दुःख कन्नडात मांडणाऱ्या सारा अबूबकर 2023 साली याच नगरीत निवर्तल्या. ‘चंद्रगिरिय तीरदल्लि’ लिहिल्यावर त्यांना स्वधर्मीयांचा रोष पत्करावा लागला. गुलवाडी वेंकटरावांच्या कथेशी हे किती जुळते! ही कोकणी कवने देवनागरीत असती तर आपण सर्वांनी आजच वाचली असती. लिपीचा पडदा एवढाच. पण तो आपण एकदाही बाजूस सारलेला नाही.

आता व्यवस्थापक मंडळास माझी विनंती. आपल्या मठाच्या ग्रंथसंग्रहात पोथ्या आहेत, भाष्ये आहेत, संतांच्या गाथा आहेत. तेथे एक फडताळ या नगरीच्या ग्रंथकारांसाठी द्यावे. गोविंद पै आणि पंजे यांच्या ग्रंथांस कोणाची हरकत असणार नाही. माझा आग्रह ‘इंदिराबाई’ आणि ‘वाग्देवी’ या दोन पुस्तकांविषयी आहे. ती त्याच फडताळात, उघडी, मागेल त्यास वाचावयास मिळतील अशी असावीत. श्रीगुरूंच्या कानावर ही विनंती मी उत्सवापूर्वीच घातली आहे. त्यांनी एवढेच विचारले की पुस्तके कोणत्या लिपीत आहेत आणि येथे ती वाचणार कोण.

त्यास उत्तर असे. पाठशाळेत कन्नड उत्तम जाणणारे चार विद्यार्थी आहेत आणि मलाही ती लिपी येते. पुढील महिन्यापासून दर गुरुवारी सायंकाळच्या आरतीनंतर सभामंडपात ‘इंदिराबाई’चे एकेक प्रकरण कन्नडात वाचून लगेच त्याचा अर्थ मराठीत सांगितला जाईल. मातृवर्गाने अवश्य यावे. ज्या वृद्ध स्नेह्यांना हे गैर वाटते त्यांनीही यावे, आणि जेथे गुरुनिंदा दिसेल तेथे मला थांबवावे.

श्रीगुरुचरणार्पणमस्तु.